मुखवटे कशाचे करता

१६ जानेवारी २०२३

वेदिकानं नोकरी सोडली. बातमी आधी मकरंदकडून, म्हणजे जावयाकडून आली. संध्याकाळी मी वेदिकाला फोन केला, तेव्हा तिनं स्वतः सांगितलं, शुक्रवारीच राजीनामा दिला. मला आधी का नाही बोललीस, असं विचारलं तर म्हणाली, "तू अण्णांना सांगितलं असतंस आणि अण्णांनी पेन्शन या विषयावर भाषण दिलं असतं."

खरं आहे ते. अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे यजमान. लहानपणी शेजारच्या कानडी मुलांचं ऐकून ती त्यांना अण्णा म्हणू लागली, मग सगळं घरच म्हणू लागलं. सरकारी विमान कारखान्यात जन्म काढलेला माणूस. नोकरी सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी चालत्या गाडीतून उतरणं.

पण बेत ऐकल्यावर तेच जास्त खूश झाले. वेदिका गौरीचे मुखवटे करणार आहे. पुण्या-मुंबईहून इकडे बंगलोरला आलेल्या मुलींना दरवर्षी गौरी उभ्या करायच्या असतात, आणि पितळेचे मुखवटे जड, शाडूचे वाटेत फुटतात. हिचे फायबरचे असतील. हलके, कुरिअरनं जाणारे. मारतहळ्ळीच्या फ्लॅटमध्ये जागा नाही. आमच्या येलहंकाच्या घराला शटरवाली गाडीची खोली आहे आणि गाडी आम्ही विकली आहे.

म्हणजे मुलगी आता रोज येणार. मला आनंद झाला, हे इथे लिहून ठेवते.

११ मार्च २०२३

पहिली ज्येष्ठा साच्यातून निघाली. नाक जरा बसकं आलं, पण हसरी आहे.

अण्णा मास्तर झालेत. साच्याला मेण लावायचं, त्यावर रेझिनचा पातळ हात, मग काचेच्या धाग्यांची मॅट अंथरून पुन्हा रेझिन, ब्रशनं दाबून दाबून हवा काढायची. वेदिका गुडघ्यावर बसून साच्यात डोकं घालून काम करते. वास गोडसर आहे, नाकात बसून राहतो. मी विचारलं, हे काय.

"स्टायरीन," अण्णा म्हणाले. "रेझिन पातळ ठेवतं आणि तेच पुढे घट्ट होतं. अर्धं जग याच्यावर उभं आहे. थर्माकोलचा पेला, बसची सीट, गच्चीवरची टाकी, विमानाचं नाक."

"आता देवीचं पण," वेदिका म्हणाली. "आणि तेसुद्धा बसकं."

अण्णांना कारखाना आठवला. तिथले पंखे एवढे मोठे की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. "इथे किती शांत काम होतं," म्हणाले.

८ जुलै २०२३

आठवडाभर भुरभुर पाऊस आणि थंडी. रेझिन घट्टच होईना. मुखवटे हाताला चिकट लागतात. ऑर्डरी आहेत आणि वेदिकाला रडू यायच्या बेतात होतं.

अण्णांनी तोड काढली. शटर खाली ओढलं आणि साच्यांवर दोन मोठे बल्ब टांगले. खोली अशी ऊबदार झाली की निम्म्या वेळात काम होतंय. दोघंही शाळकरी मुलांसारखी खूश. पंखा मात्र लावायचा नाही, ओल्या रंगावर धूळ बसते.

दुपारी प्रेमक्का कुंपणापाशी आल्या. तीस वर्षांचा शेजार, कधी तक्रार नाही. "सुचेतक्का, परवागिल्ला, हरकत नाही, पण वास स्वल्प, थोडा जास्त आहे. माझ्या देवघरापर्यंत येतो. नातू खोकतोय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शटरच्या खाली फट होती, तिथे जुनी गोधडी गुंडाळून घट्ट बसवली. पुन्हा जाऊन विचारून आले. प्रेमक्का म्हणाल्या, "आता सरी, ठीक आहे." प्रश्न मिटला.

२४ सप्टेंबर २०२३

काल गौरी गेल्या. दिवसभर वेदिकाच्या फोनवर फोटो येत होते. शालू नेसलेल्या, दागिने घातलेल्या, कुणाच्या तरी दिवाणखान्यात उभ्या असलेल्या हिच्या गौरी. एकीनं लिहिलं होतं, सासूबाईंना वाटलं पितळेच्याच आहेत.

मकरंद जेवायला आला होता. "आई, ही आता फाउंडर आहे. हिला अगं-तुगं करायचं नाही."

"फाउंडरला ताट घासायला सांगा," अण्णा म्हणाले.

ती मात्र जेवणावरून लवकर उठली. डोकं जड आहे म्हणाली आणि माझ्या खोलीत झोपली ती आज दुपारपर्यंत. हंगामाचा शीण आहे. मी उठवलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ती माझ्या घरी अशी झोपली.

१८ फेब्रुवारी २०२४

वेदिकाचा खोकला हटत नाही म्हणून आमच्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावायच्या आधीच सांगितलं, बंगलोरची अ‍ॅलर्जी. या दिवसांत झाडं फुलतात आणि अर्धं शहर शिंकतं. जन्म इथलाच आहे, आतापर्यंत काही नव्हतं, असं वेदिका म्हणाली. "कधीही सुरू होते," ते म्हणाले. तोंडात मारायचा पंप दिला.

काय करता, असंही त्यांनी विचारलं. वेदिका खोकत होती म्हणून मीच सांगितलं, "गौरीचे मुखवटे करते, घरीच." त्यांनी दोन्ही हात जोडले. "देवर केलस. देवाचं काम." फी निम्मीच घेतली.

अण्णांना दर फेब्रुवारीत हाच त्रास होतो. त्यांना तर बरंच वाटलं. "माझ्यावर गेलीय," म्हणाले, आणि पंप दाबताना श्वास कसा धरायचा ते तिला शिकवत बसले.

२० जुलै २०२४

गेल्या वर्षीच्या दुपटीहून जास्त ऑर्डरी आहेत. शटर सकाळी पडतं ते संध्याकाळी उघडतं. मी जेवण आत नेऊन देते. पाच मिनिटं बसलं तरी माझे डोळे चुरचुरतात, म्हणून बाहेर येते. वेदिकाला सवय झाली आहे.

इंदिरानगरहून एक जोडी परत आली. नथीतला पाचू निळा रंगवलाय, असं त्या बाईंचं म्हणणं. वेदिकानं मुखवटा खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. "आई, हा हिरवाच आहे ना?" निळा होता. आत बल्बचा पिवळा उजेड, डोळे तरी किती चालणार. मी रंगांच्या डब्यांवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवून दिल्या.

काम संपवून बाहेर आली की ती जरा झोकांड्या खात येते आणि कशालाही हसते. आज तिला कपबशीचं हसू आलं. अण्णा म्हणतात, कामाची नशा. मकरंदनं करोनाच्या वेळचे उरलेले मास्क आणून दिलेत, ते ती न चुकता लावते. त्यामुळे त्या बाजूची काळजी नाही.

१० नोव्हेंबर २०२४

मकरंदशी वाजलं. वाजू नये असं मला वाटत होतं, पण वाजलं.

तो म्हणाला, "आई, ती पार्किंगमधून लिफ्टपर्यंत दोनदा थांबते. धिस इज नॉट अ‍ॅलर्जी."

मी म्हटलं, तिचं जेवणाकडे लक्ष नाही, बारीक झालीय, थकते.

"मग काम थांबवू या ना काही महिने."

"तिला विचारलंस का?"

"ती तुमच्याकडे बघून हो-नाही ठरवते. तुम्ही सांगा."

वेदिका तिथेच बसली होती. ती म्हणाली, "माझ्यावर मीटिंग चाललीय का? मिनिट्स कोण लिहितंय?" म्हणून सगळे हसले आणि विषय बदलला.

नोकरी सोडल्याचं मकरंदला मनातून रुचलेलं नाही, असं मला वाटतं. पुण्याची माणसं पगार मोजून जगतात. मी काही सांगितलं नाही. काम थांबलं तर ती इतक्या लांब रोज कशाला येईल?

२७ फेब्रुवारी २०२५

मकरंदनं शेवटी मोठ्या रुग्णालयात वेळ घेतली. डॉ. श्रीहरी, फुप्फुसांचे. शांत माणूस आहे, मराठी समजतं. वेदिकाला एका नळीत जोरात फुंकायला लावलं, मग औषध देऊन पुन्हा फुंकायला लावलं. दम्यात औषधानंतर आकडा सुधारतो म्हणे. हिचा जागचा हलला नाही.

मग त्यांनी विचारलं, काय काम करता. मी सवयीनं म्हटलं, गौरीचे मुखवटे करते, घरीच.

यांनी हात जोडले नाहीत. "मुखवटे कशाचे करता?"

आतापर्यंत हे कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी नीट उत्तर दिलं. रेझिन कुठलं, हार्डनर किती, मॅट किती जाड. ते नेहमी देतात तसं, खुर्चीत पुढे सरकून.

"दार उघडं ठेवून?"

"शटर बंद असतं," वेदिका म्हणाली. "थंडीत रेझिन घट्ट होत नाही."

"पंखा?"

"धूळ बसते."

डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. अण्णा म्हणाले, "आमच्या वर्कशॉपमध्ये पंखे होते." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मोठे होते."

४ मार्च २०२५

निदान पक्कं झालं. डॉ. श्रीहरींनी स्कॅन दाखवून सांगितलं. फुप्फुसांतल्या सगळ्यांत बारीक वाटा व्रण होऊन बुजत चालल्या आहेत. दमा नाही, अ‍ॅलर्जी नव्हतीच. फायबरच्या होड्या बांधणाऱ्या कामगारांत असं आढळलेलं आहे, स्टायरीनच्या वाफेनं. हिलाही त्यानंच झालं, असं शपथेवर कुणी सांगू शकणार नाही, पण त्यांना दुसरं कारण दिसत नाही. रंग ओळखण्यातला गोंधळही त्याचाच असू शकतो. नुसत्या कापडी मास्कमधून वाफ थांबत नाही. काम आजपासून बंद.

मी विचारलं, "बंद केल्यावर बरी होईल ना?"

ते म्हणाले, "जेवढं उरलंय तेवढं टिकवायचा प्रयत्न करू."

म्हणजे टिकेल.

परत येताना वेदिका गाडीत म्हणाली, "मला वाटलं होतं मी म्हातारी झाले. बरं झालं, आजारच निघाला." मकरंद गाडी चालवत होता. त्याचा चेहरा मला दिसला नाही.

१५ मार्च २०२५

अण्णांनी शटर वर केलं ते खाली घेतलेलं नाही. प्रेमक्कांची मांजर आत जाऊन साच्यात झोपते.

आज ते बाजारातून भला मोठा एक्झॉस्ट पंखा घेऊन आले. गवंडी बोलावून भिंतीला भोक पाडलं आणि स्वतः शिडीवर चढून बसवला. रिकाम्या खोलीत. मी कशाला म्हणून विचारलं नाही.

प्रेमक्का आल्या होत्या. पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, "अक्का, मी त्या दिवशी बोललेच नसते तर." मी म्हटलं, तुमचं काय त्यात. त्यांनी नुसतं वास येतो एवढंच म्हटलं होतं. गोधडी त्यांनी लावली नव्हती.

ती मी धुऊन वाळत घातली. वास जात नाही.

२ जून २०२५

वेदिका आमच्याकडे राहायला आली. ऑक्सिजनचं यंत्र आलं आहे. मकरंदही रात्री इकडेच असतो, सकाळी इथून ऑफिसला जातो. म्हणजे घर भरलेलं आहे.

गौरीसाठी चौकशा सुरू झाल्या. फोनवर उत्तरं मी लिहिते, वेदिका सांगते. तिला सलग चार शब्दांच्या वर बोलता येत नाही, तरी मला सुधारते.

"लिही, कारागीर आजारी आहे. यंदा काम बंद."

मी लिहिलं, तब्येतीच्या कारणानं तूर्त काम बंद.

"तूर्त कशाला?"

"असू दे."

"तू पण ना," म्हणाली, पण तूर्त राहू दिलं.

स्मृती म्हणून मारतहळ्ळीचं एक गिऱ्हाईक आहे, पहिल्या वर्षीचं. तिला कुठूनसं कळलं. घरात रांगतं बाळ आहे, मुखवटे ठेवायचे की टाकायचे, असं भीत भीत विचारलं होतं. वेदिका दोन-तीन शब्दांमागे यंत्राच्या नळीतून श्वास घेत म्हणाली, "सांग तिला, चांगलं घट्ट झालेलं आहे. घाबरायचं कारण नाही. ओलं असताना जवळ कोण होतं, त्याचाच प्रश्न असतो. बाळाला चावू देऊ नको म्हणावं, रंग जाईल."

१९ जुलै २०२५

फुप्फुस बदलण्यासाठी तिचं नाव यादीत गेलं. डॉ. श्रीहरींनी सकाळी फोन करून कळवलं. दाता कधी मिळेल सांगता येत नाही, पण मिळेल तेव्हा तिच्या अंगात शस्त्रक्रियेची ताकद हवी. वजन वाढलं पाहिजे.

हे माझ्या हातातलं आहे. साजूक तूप, खजूर, नाचणीची खीर. ती नको म्हणत नाही. पण घास तोंडात असताना श्वास घेता येत नाही आणि श्वास घेताना घास गिळता येत नाही, त्यामुळे अर्ध्या पोळीला दुपार जाते. आज खीर संपवली आणि वाटी उपडी करून मला दाखवली, लहानपणी दाखवायची तशी. नंतर बराच वेळ डोळे मिटून पडून होती. वजनाच्या काट्यावर मात्र फरक नाही. काटा जुना आहे.

संध्याकाळी म्हणाली, "अण्णांना सांग ना. तो पंखा बंद करा. दिवसरात्र चालतो."

मी जाऊन सांगितलं. ते त्या खोलीत खुर्ची टाकून बसले होते. म्हणाले, "राहू दे."

"तिला आवाजाचा त्रास होतोय."

तेव्हा उठून बंद केला. बंद झाल्यावर सगळीकडे इतकं शांत झालं की वरच्या मजल्यावरचं तिचं यंत्र ऐकू यायला लागलं. अण्णा म्हणाले, "मला सगळं माहीत होतं गं, सुचेता. पुस्तकात असतं तसं माहीत होतं." मी चहाला चला म्हटलं.

२४ ऑगस्ट २०२५

वेदिकाला रुग्णालयात हलवलं. शुक्रवारी ताप आला, शनिवारी ओठ काळसर दिसू लागले. आज दुपारी श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. हे मकरंदनं आतून फोन करून सांगितलं. घशात नळी आहे, त्यामुळे बोलता येणार नाही. झोपेचं औषध दिलंय.

नळी घालायच्या आधी ती मकरंदला म्हणाली, "आईला सांग, जेवले." जेवली नव्हती, त्यानं नंतर सांगितलं.

२८ ऑगस्ट २०२५

डॉक्टरांनी सांगितलं, जंतुसंसर्ग दोन्ही बाजूंना आहे, औषधं बदलून पाहिली. यादीतलं नाव सध्या बाजूला ठेवलंय. हे नियमाप्रमाणेच आहे, अशा स्थितीत शस्त्रक्रिया करत नाहीत. संसर्ग उतरला की परत घालतील. असं ते म्हणाले नाहीत, पण बाजूला ठेवणं म्हणजे काढून टाकणं नव्हे.

मी तिच्या पायांना खोबरेल लावलं. नर्सनं लावू दिलं. टाचा किती मऊ झाल्यात. चालणंच नाही ना.

३० ऑगस्ट २०२५

आज बऱ्याच गोष्टी सैल झाल्या. आधी भेटायची वेळ ठरलेली होती, एकानंच आत जायचं, पास दाखवायचा. आज नर्स म्हणाली, कधीही या, सगळे या. अण्णांना तर बूट न बदलताच आत सोडलं. तब्येत फार नाजूक असती तर असं सोडलं नसतं, असं मी मकरंदला म्हटलं. तो "हो आई" म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

डॉ. श्रीहरी संध्याकाळी येऊन गेले. आणखी कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या, म्हणाले. मकरंदचे आई-वडील पुण्याहून रात्रीच्या विमानानं येताहेत. मी म्हटलं, त्यांना एवढी दगदग कशाला, घरी आणल्यावर सावकाश आले असते. जाताना डॉक्टरांनी अण्णांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. आता अण्णा बाकावर बसून आहेत. प्रेमक्कांनी डबा पाठवलाय, तो तसाच आहे.

उद्या घरोघरी गौरी येणार. वेदिकाचा फोन माझ्याकडेच आहे आणि फोटो आतापासूनच येऊ लागलेत. कुणी मुखवटे पुसून मांडलेत, कुणी नथ घालून पाहिली. ताई, तुमच्याशिवाय झालं नसतं, असं लिहितात. मी सगळ्यांना नमस्काराचं चिन्ह पाठवलं. आत जाऊन तिला एकेक वाचून दाखवलं. पापणी हलली असं मला वाटलं, नर्स म्हणाली औषधामुळे हलते.

वॉर्डात आणल्यावर लागेल म्हणून पिशवी भरली आहे. कंगवा, दोन गाऊन, समोर बटणं असलेले.

उद्या अकरा वाजता डॉ. श्रीहरी आम्हा सगळ्यांना खालच्या मजल्यावरच्या छोट्या खोलीत भेटणार आहेत. तिथे तिच्या श्वासाच्या यंत्राविषयी बोलून कसली तरी सही करायची आहे. कशावर, ते मकरंदनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तो एवढंच म्हणाला, "आई, माझा हात चालणार नाही. तुम्ही कराल?"

मी हो म्हटलं. लिहिण्याचा चष्मा पर्समध्ये ठेवला आहे.